निवड चाचणीआधीची निवड

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, सर दोराबजी टाटा हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील मैदानी स्पर्धांत त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. धावणाऱ्यांपैकी बरेचसे शेतकरी कुटुंबांतले होते. पायांत काही नाही, शर्यतीच्या नियमांची माहिती जेमतेम. आणि तरीही त्यांच्यातील काहींची वेळ युरोपातील नामांकित धावपटूंच्या आसपास जात होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीही हे पाहिले. त्यातून भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना मूळ धरू लागली आणि १९२० मध्ये अँटवर्पला जो लहानसा चमू गेला त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनमध्ये त्यांचा क्रमांक १९ वा आला.

योगायोग असा, की त्याच लॉईडसाहेबांचे नाव पुढे भोर तालुक्यातील भाटघरच्या धरणाला देण्यात आले. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला गेले आणि वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. डोंगरातले पाणी खाली वाहून नेण्याची व्यवस्था शासनाने शंभर वर्षांपूर्वीच उत्तम केली, असे म्हणावे लागेल. डोंगरातल्या मुलांना मात्र खाली मैदानावर आणण्याची व्यवस्था अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

हा विषय आठवण्याचे निमित्त दरवर्षी येते. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघांसाठी निवड चाचण्यांची परिपत्रके निघतात. कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धांत भोर व वेल्हे या तालुक्यांतील मुलेमुली थोडीफार तरी दिसतात. बास्केटबॉलसारख्या खेळात मात्र ती शोधावी लागतात. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला; लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.) या अनुपस्थितीचे स्पष्टीकरण सहसा दोन प्रकारे केले जाते. एक, बास्केटबॉल हा शहरी, उंच मुलांचा खेळ; मावळातल्या मुलांचा तो नव्हे. दुसरे, निवड म्हणजे सगळा वशिल्याचा कारभार, तेथे जाऊन उपयोग काय? पहिले स्पष्टीकरण आळसाचे आहे. दुसऱ्यात तथ्य नसेलच असे नाही. परंतु तेही खऱ्या प्रश्नाला बगल देणारेच आहे. वशिल्याने अन्याय व्हायचा तरी उमेदवार मैदानावर हजर असावा लागतो. येथे निवड होते ती चाचणीच्या कितीतरी आधी. मैदानावर फक्त तिचा निकाल जाहीर होतो.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा असता तर त्यावर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात खेळाच्या प्रमाणपत्राला आज रोख किंमत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्याला स्पर्धेच्या स्तरानुसार कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. हे प्रमाणपत्र इतके मोलाचे झाले की अलीकडच्या वर्षांत बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि पडताळणीचे नियम कडक करावे लागले. खोटा शिक्का मारण्याचा उद्योग ज्या वस्तूभोवती उभा राहतो ती वस्तू बाजारात दुर्मिळ आणि मौल्यवान असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. मग ही मौल्यवान वस्तू मिळविण्याची संधी कोणत्या मुलांना मिळते आणि कोणत्या मुलांना मिळत नाही, हा सार्वजनिक न्यायाचा प्रश्न ठरतो. खेळाडूंसाठी राखलेल्या जागा व्यवहारात सिमेंटच्या मैदानाशेजारी राहणाऱ्यांच्याच वाट्याला जात असतील, तर तो खर्च भोर-वेल्ह्याचा करदाताही उचलत असतो.

आता चाचणीपर्यंतची वाट पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. लोकसंख्येने वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. विस्तार मात्र राजगड-तोरण्यापासून पानशेतच्या जलाशयापर्यंत आणि पलीकडे कोकणच्या कड्यापर्यंत. वस्त्या विखुरलेल्या, शाळा लहान, वर्गात मुले मोजकी. येथेच पहिली चाळणी लागते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. शालेय स्पर्धांची रचना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांची आहे. मैदानी स्पर्धेत एखादी मुलगी केवळ आपल्या वेळेच्या बळावर एकटीच पुढच्या पायरीवर जाऊ शकते. सांघिक खेळात तसे नाही. तेथे जिंकलेल्या शाळेचा संघ पुढे जातो आणि हरलेल्या शाळेतला गुणी खेळाडू घरी परत येतो. ज्या शाळेत वयोगटात बसणारी दहा-बारा मुलेही जमत नाहीत, तेथील खेळाडू तर पहिल्या पायरीवरही पाय ठेवू शकत नाही. राज्य पातळीवर पोचल्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेच्या संघासाठी वैयक्तिक निवड होते हे खरे. परंतु त्या निवडीला उभे राहण्याचा अधिकार आधी शाळेच्या विजयाने मिळवावा लागतो. म्हणजे केळद किंवा पासलीच्या मुलाने कौशल्य कितीही मिळविले तरी त्याचे भवितव्य त्याच्या शाळेच्या पटसंख्येशी बांधलेले राहते.

शालेय क्रीडास्पर्धांचा हेतू शाळाशाळांत खेळ रुजविण्याचा आहे, नुसते तारे वेचण्याचा नाही, असे यावर कोणी म्हणेल. हेतू योग्यच आहे. तथापि पुणे शहर व पिंपरी-चिंचवड या महापालिका क्षेत्रांना स्पर्धेत स्वतंत्र जिल्ह्यांचे स्थान देताना प्रशासनाने वस्तुस्थिती ओळखली. शहर आणि ग्रामीण भाग एका तागडीत तोलता येत नाहीत हे मान्य केले. तोच विचार आणखी एक पायरी खाली नेऊन लहान शाळांच्या मिळून होणाऱ्या तालुका संघाला सांघिक खेळात प्रवेश द्यायला हरकत कोणती, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

खेळाच्या संघटनांमार्फत होणाऱ्या खुल्या चाचण्या हा दुसरा मार्ग. तो कागदावर सर्वांना मोकळा आहे. चाचणी सकाळी लवकर, पुण्यात किंवा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. वेल्हे पुण्यापासून साठ किलोमीटरच्या आसपास, भोर त्याहून थोडे अलीकडे. पण नकाशावरचे अंतर आणि मुलाला पडणारे अंतर ही दोन निराळी मापे आहेत. खोऱ्याच्या टोकाच्या गावातून तालुक्याच्या ठिकाणी, तेथून नसरापूर किंवा कापूरहोळमार्गे स्वारगेट, तेथून पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी आठला हजर व्हायचे तर आदल्या दिवशी निघावे लागते, कोणा नातेवाइकाकडे उतरावे लागते, सोबत एक मोठे माणूस लागते. त्या माणसाचा एक दिवसाचा, क्वचित दोन दिवसांचा रोजगार बुडतो. मुलींच्या बाबतीत तर सोबतीवाचून पाऊल उचलता येत नाही. एस.टी. मध्ये महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे, ही सोय मोलाची. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पासही मिळतो. परंतु तो घर ते शाळा एवढाच चालतो. शाळेपर्यंत जाणाऱ्या मुलीला शासन फुकट नेते. शाळेच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलीने आपली वाट आपण काढायची.

हंगामाचेही असेच. शालेय स्पर्धा साधारणपणे पावसाळ्यात सुरू होतात. वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिमेला, हिर्डोशीच्या बाजूला, त्या दिवसांत कोसळणाऱ्या पावसाची कल्पना शहरात बसून येणे कठीण. मैदानाचे तळे होते. सिमेंटचा चौथरा असलाच तर त्यावर शेवाळ धरते आणि टप्पा दिलेला चेंडू घसरत जातो. शिवाय जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस. चिखलात दिवसभर वाकून आवण लावणाऱ्या मुलाला संध्याकाळी सरावाला बोलावणारा क्रीडाशिक्षक एकतर वेडा असला पाहिजे किंवा अतिशय निष्ठावंत. शहरातला मुलगा याच आठवड्यांत छताखालच्या मैदानावर रोज दीड तास खेळत असतो. पुढे दोघांना एकाच दिवशी एकाच रिंगखाली उभे करून त्यांची तुलना केली जाते आणि तिला गुणवत्ता म्हटले जाते.

मैदानावर पोचल्यावर काय घडते? बास्केटबॉलचा संघ १२ जणांचा. निवड समितीपुढे मुले अनेक आणि वेळ थोडा. थोडे धावणे, टप्पे देत चेंडू नेणे, ले-अप, काही नेम आणि मग पाच-पाच जणांचे सामने. निवड समितीचे सदस्य कितीही निःस्पृह असले तरी ते शेवटी एक नमुना पाहून संपूर्ण मालाविषयी मत बनवीत असतात. लहान नमुन्यावरून काढलेल्या निष्कर्षात चूक होण्याची शक्यता मोठी, हे संख्याशास्त्राचे साधे तत्त्व आहे. चूक दोन प्रकारची असते. अयोग्य मुलगा निवडला जातो किंवा योग्य मुलगा वगळला जातो. पहिली चूक पुढच्या सामन्यात सर्वांना दिसते, वर्तमानपत्रांत तिच्यावर टीका होते. दुसरी कोणालाच दिसत नाही. फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० मध्ये दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या परिणामांतला भेद सांगितला तो धोरणांच्या संदर्भात. परंतु खेळाडूंच्या निवडीला तो तंतोतंत लागू पडतो. न दिसणाऱ्या चुकीची किंमत देणारा मुलगा गावी परत गेलेला असतो.

त्यात उंचीचा मोह. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असल्यामुळे उंच मुलाकडे नजर आधी जाते, यात नवल नाही. पण चौदाव्या वर्षीची उंची ही अंतिम उंची नसते. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग साधारणपणे चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलींमध्ये बाराव्याच्या. आणि कोणाचा हा काळ दोन वर्षे आधी येतो, कोणाचा दोन वर्षे उशिरा. लवकर वाढलेला मुलगा त्या वयात श्रेष्ठ दिसतो, एवढेच. जन्ममहिन्याचाही असाच परिणाम होतो. कॅनडात बर्फावरच्या हॉकीतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या संघांत कितीतरी अधिक होती. कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात होता आणि जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा होता. आपल्याकडेही शालेय स्पर्धांचे वयोगट जानेवारीच्याच हिशेबाने ठरतात. आपल्याकडे यात आणखी एक गंमत होती. शाळेत नाव घालताना गुरुजी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहून टाकीत अशा मुलांची एक पिढीच्या पिढी महाराष्ट्राच्या खेड्यांत वाढली. त्या पिढीवर कॅनडाच्या संशोधकांनी काय निष्कर्ष काढले असते, देव जाणे! आता जन्मनोंदणी सुधारली आहे. वाढीच्या वेगातला फरक मात्र कोणत्याही दाखल्यावर लिहिलेला नसतो.

मग या मुलांची तयारी करून घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे? येथे व्यवस्थेला दोष देऊन थांबणे सोपे आहे. परंतु व्यवस्था बदलेपर्यंत या वर्षीची मुले थांबू शकत नाहीत. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात नसतील. ज्या शिक्षकाजवळ एक चेंडू आणि अर्धे मैदान आहे त्याच्या हातात काय आहे, हेही पाहिले पाहिजे.

एक साधा हिशेब करावा. चाचणीतला सामना २० मिनिटांचा धरला आणि मैदानावर दहा मुले असली, तर चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरीने दोन मिनिटेही येत नाहीत. उरलेली अठरा मिनिटे मुलगा चेंडूवाचून असतो. बहुतेक मुलांची तयारी मात्र त्या दोन मिनिटांचीच झालेली असते: चेंडू मिळाला की तो सोडायचा नाही, जमेल तेथून नेम धरायचा. अनुभवी निवडकर्ता त्या अठरा मिनिटांकडे पाहत असतो. चेंडू हरवल्यावर मुलगा परत धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? सोबत्याला मोकळी वाट करून देतो का? नेम चुकल्यावर प्रतिस्पर्ध्याला पाठीशी रोखून परतलेला चेंडू टिपण्यासाठी जागा धरतो का? प्रतिस्पर्धी आणि रिंग यांच्यामध्ये सतत राहतो का? या गोष्टींना महागडे मैदान लागत नाही. मातीच्या अंगणातही त्या शिकविता येतात. आणि येथे डोंगरातल्या मुलाची बाजू जमेची आहे. रोज चढ-उतार करून शाळेत येणाऱ्या मुलाचा दम सहजासहजी सुटत नाही. खो-खोतला पळती दिशा क्षणात बदलण्याचा सराव आणि कबड्डीतले साखळी धरून सरकणे यांचे बास्केटबॉलच्या बचावाशी जवळचे नाते आहे. क्रीडाशिक्षकाने हे नाते मुलांना उलगडून दाखविले, तर नवा खेळ त्यांना परका वाटणार नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बास्केटबॉलमध्ये खेळाडू सतत एकमेकांना ओरडून सांगत असतात: आडवा उभा आहे, माणूस बदल, मदतीला ये. शहरात या सूचना ‘स्क्रीन’, ‘स्विच’, ‘हेल्प’ अशा शब्दांत दिल्या जातात. गावाकडचा मुलगा कबड्डीच्या मैदानावर दम घुमवताना लाजत नाही. पण या अनोळखी शब्दांच्या गर्दीत तो गप्प होतो, आणि गप्प असलेला मुलगा निवडकर्त्याला बुजरा किंवा मंद वाटतो. दहा-पंधरा शब्दांचा हा प्रश्न आहे. ते फळ्यावर लिहून पाठ करून घेतले आणि रोजच्या सरावात वापरले, तर आठवड्याभरात तो सुटतो. परभाषेचा म्हणून या शब्दांचा राग धरण्यात अर्थ नाही. क्रिकेटचे शब्द खेड्यापाड्यांत कोणी शिकविले होते?

काही गोष्टी अगदी क्षुल्लक वाटतील. मुलींसाठी चेंडू सहा क्रमांकाचा आणि मोठ्या मुलांसाठी सात क्रमांकाचा असतो. शाळेत जो मिळाला त्याच चेंडूवर वर्षभर सराव करून चाचणीच्या दिवशी वेगळ्या वजनाचा चेंडू हाती आला की नेम ढळतो. लहान मुलांच्या खेळात रिंग २.६० मीटरवर असते, हे ठाऊक नसल्यामुळे दहा वर्षांच्या पोरांना पूर्ण उंचीच्या रिंगवर चेंडू फेकायला लावले जाते आणि त्यांची फेकण्याची पद्धत कायमची बिघडते. गावातल्या वेल्डरकडून ४५ सेंटिमीटर व्यासाचे कडे करवून शाळेच्या भिंतीवर योग्य उंचीला बसविता येते. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. नवे बूट चाचणीच्याच दिवशी प्रथम घालू नयेत. जन्मदाखला, बोनाफाईड, ओळखपत्र यांच्या प्रती आठवडाभर आधी काढून ठेवाव्यात. झेरॉक्सच्या दुकानापुढच्या रांगेत गेलेली सकाळ मैदानावर भरून निघत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनोळखी मुलांबरोबर खेळण्याची सवय. वर्षभर त्याच सात-आठ सोबत्यांत खेळणाऱ्या मुलाला चाचणीत चार परक्यांबरोबर खेळावे लागते. भोर आणि वेल्ह्यातल्या पाच-सहा शाळांनी महिन्यातून एक रविवार एकत्र येऊन मुलांची सरमिसळ करून सामने खेळविले, तर अर्धी तयारी तेथेच होईल. हे काम शिक्षकांचे आहे. त्यासाठी त्यांना जनगणना, निवडणुका आणि सर्वेक्षणे यांतून रविवार मोकळा मिळायला हवा, हेही तितकेच खरे.

तयारी करून घेणाऱ्याने मुलाला आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे: १२ जागा आहेत आणि बहुतेकांची निवड होणार नाही. हे सांगण्याऐवजी ‘तू जाच, तुझी निवड नक्की’ असे सांगून पाठविण्याची पद्धत आहे. गाव सत्कार करून निरोप देते, आणि परत आलेल्या मुलाला तोंड लपवावे लागते. त्यानंतर तो खेळ सोडतो. निवड न होण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

याबाबत मायकेल जॉर्डनची गोष्ट शाळाशाळांत सांगितली जाते. पण ती अर्धीच सांगितली जाते. १९७८ मध्ये अमेरिकेतील विल्मिंग्टन गावच्या शाळेत त्या पंधरा वर्षांच्या मुलाला मुख्य संघात घेतले गेले नाही, त्याच्याऐवजी लेरॉय स्मिथ नावाच्या खूप उंच मुलाला घेतले गेले, हे खरे. तो जिद्दीने पेटून उठला आणि पुढे जगज्जेता झाला, हा तात्पर्याचा भाग. परंतु मधला दुवा कोणी सांगत नाही. त्या शाळेला कनिष्ठ संघ होता. जॉर्डनला घरी पाठविले गेले नाही, त्या कनिष्ठ संघात घातले गेले. वर्षभर त्याला मैदान, सामने आणि प्रशिक्षक मिळत राहिले आणि त्याच काळात त्याची उंचीही वाढली. त्याची जिद्द मोठी होतीच; पण तिला उभे राहायला जागा मिळाली होती. भोर-वेल्ह्यातल्या जिद्दी मुलाची निवड झाली नाही तर त्याला उभे राहायला जागा कोठे आहे?

जागा नसताना माणसाने काय करावे याचे आपल्याकडचे उदाहरण खाशाबा जाधवांचे. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकसाठी आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली, ते जिंकले आणि कांस्यपदक घेऊन आले. जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा अभिमान बाळगताना एवढे ध्यानात ठेवावे, की निवडीत एक महाराजा आणि प्रवासाला एक गहाण पडलेले घर लागावे ही व्यवस्था चांगली नव्हे. कुस्तीत निदान निकाल पाठीवर लागतो आणि फेरकुस्ती मागता येते. पाच जणांच्या खेळात वगळलेल्याने कशाची फेरतपासणी मागायची?

म्हणूनच चाचणी घेणाऱ्यांकडून काही माफक अपेक्षा आहेत. निवडीचे निकष आधी छापून द्यावेत. निरनिराळ्या दोन दिवशी मुलांना पाहावे. वगळलेल्यांना एका ओळीत कारण लिहून द्यावे: बचाव कच्चा, डावा हात चालत नाही, दम उत्तम. त्या एका ओळीवर गावाकडच्या शिक्षकाला पुढचे वर्षभर काम करता येईल. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उभी उडी, ३० मीटर धाव, शटल धाव, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉलची फेक अशा मोजता येणाऱ्या कसोट्या ठरलेल्या आहेत. कोणत्या मुलाने किती केले हे निदान आकड्यांत सांगता येते. सांघिक खेळांच्या चाचण्यांनी एवढी तरी शिस्त घ्यावी. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. तालुका तेथे क्रीडा संकुल ही योजना आखून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला; संकुले व्हावीत, छपरेही व्हावीत, परंतु त्या निविदांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुले तोवर संसाराला लागतील.

आपल्या जिल्ह्यात गुण नाही असे म्हणायला जागा नाही. भारतीय महिला संघाच्या कर्णधारपदापर्यंत पोचलेल्या शिरीन लिमये या पुण्याच्याच. खेलो इंडिया युवा स्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीला झाल्या तेव्हा सर्वाधिक पदके महाराष्ट्राने मिळविली. जे वैभव बालेवाडीत आहे ते जिल्ह्याचेच आहे. ते वर्षातून एक दिवस महामार्गाने खाली दक्षिणेकडे का येऊ शकत नाही? निवड समितीत चार-पाच माणसे असतात. ती एका मोटारीत बसतात. त्यांना भेटण्यासाठी पन्नास मुलांनी आपापल्या पालकांसह पुण्याला जायचे, की त्यांनी पन्नास मुलांकडे यायचे, हा खर्चाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही मांडता येईल. नसरापूर हे भोर आणि वेल्हे या दोन्हीकडच्या मुलांना सोयीचे ठिकाण आहे, पुणे-सातारा महामार्गापासून जवळ आहे. भातलावणी आटोपल्यानंतर, पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी जिल्ह्याची एक चाचणी तेथे घ्यावी. सकाळी आठऐवजी अकराला सुरू करावी, आणि खोऱ्यात जाणारी शेवटची एस.टी. सुटण्यापूर्वी ती संपवावी.